हरकत

गावखडीच्या शाळेत साहेबांनी नकाशा टांगला.
समुद्र निळा, भोक तांबडं,
खोली तीन हजार मीटर.
"हरकत असेल त्यांनी नाव सांगून बोला."

शमशुद्दीन सोलकर उठला.
अंडी राखायचं काम, सातवा हंगाम.
म्हणाला, रात्री एक मादी आली,
सुरूंच्या बुडापर्यंत चढली,
हातभर खणलं तिनं मागच्या पायांनी,
एकशे अकरा घातली,
वाळू ओढली, अंगानं थोपटली, नि गेली.
सकाळी मलाच जागा सापडेना, साहेब.
वाळू आताशा मार्चातच भाजते.
ओली गोणपाटं टाकतो मी वर.

एवढंच. खाली बसला.
कारकुनानं लिहिलं: हरकत अस्पष्ट.

तो गेला तेव्हा फरशीवर
दारापर्यंत काळे ठसे,
टाचेला पुळणीवरचा डांबरगोळा चिकटलेला.
ते पुसायला शिपाई
रॉकेल शोधत होता.