नववं रीळ

खरसुंडीच्या जत्रेत आमचा तंबू लागायचा
बैलबाजाराच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडेला.
त्या साली पेटीतून चुकून इंग्रजी सिनेमा आला:
एक माणूस, एक घोडी आणि कुंपणंच कुंपणं.
आठच रिळं. नववं सांगलीच्या गोदामात राहिलं
का मिरजेच्या फलाटावर, देव जाणे.

म्हाकू कोळेकर पुढं मातीत बसलेला, काठी आडवी टाकून.
भाषा कुणालाच कळत नव्हती. त्याला कळत होती.
पडद्यावरच्या गड्यानं तार तोडली
तेव्हा खाकरून म्हणाला, "बराबर हाय."
छातीवर चांदणी लावलेल्या हवालदारानं गावठिकाण विचारलं,
गडी नुसता हसला.
म्हाकूही हसला, जरा उशिरा.
मग म्हणाला, "घोडीचा फुडचा नाल ढिला हाय,
सांगा की रं त्येला."

उभ्या कड्यावर घोडी घसरली, दगड सुटले,
त्यानं लगाम धरला, सोडला, पुन्हा धरला
आणि पडदा पांढराफटक.
लोकांनी शिट्ट्या मारल्या, खडे फेकले, गेले.
म्हाकू बसून.

पुढं दर पौषात यायचा. तिकीट काढायचा नाही.
"आलं का रं रीळ?"
"नाही मामा."
"चढली आसंल घोडी," म्हणायचा
आणि बाहेर बांधलेल्या कवडीच्या मानेवर थाप मारायचा.

तंबू विकला. कापड कुणाच्या द्राक्षबागेवर गेलं,
मशीन भंगारात.
विट्यात मोबाइलचं दुकान टाकलं.
एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना,
तळहाताएवढ्या काचेत ते नववं रीळ पाहिलं.
बारा मिनिटं.
शटर अर्धं ओढून घेतलं. सांगितलेला चहा तसाच.

परवा तिन्हीसांजेला रेवणगावच्या घाटाखाली,
रस्ता रुंद करायचं काम चाललंय तिथं, म्हाकू.
मेंढरं पल्याड गेलेली.
ही कवडीची नात असावी: पाठीवर भांडी, दोन कोकरं, एक कोंबडी,
आणि डांबरावर पाय ठेवीना.
ट्रक भोंगे मारत होते. तो मुंडाशाचा शेव
तिच्या डोळ्यांवर बांधत होता, सावकाश,
पोराचं शेंबूड पुसावं तसा.
त्याच्याच एका डोळ्यात फूल पडलेलं.
मला आवाजावरून ओळखलं.

"आलं का रं रीळ?"

दिवे आमच्या अंगावरून सरकत होते,
झोतात धूळ, तंबूत असायची तशीच.

"नाही मामा. हरवलंच ते."
"बरं झालं," म्हणाला,
आणि हात वर करून रस्त्यात उतरला.
मी ट्रकवाल्यांना शिव्या घालत त्याच्यामागं.