खिसे तपासून द्यावेत

अप्पांनी पाटी रंगवून घेतली तेव्हा मी सहावीत होते :
'खिसे तपासून द्यावेत. नंतर तक्रार चालणार नाही.'
मयूर कॉलनीत सगळे पाटी वाचतात,
तिचं शुद्धलेखन तपासतात,
आणि खिसे तसेच देतात.

म्हणून आमच्या टपरीत जमा होतात
नाटकाची अर्धी तिकिटं, सुपारीचं खांड,
एकदा तर कुणाची दाढ, कापसात गुंडाळलेली.
आणि गुरुवारी, बी विंगच्या गाठोड्यात,
शार्दूल बापटच्या खाकी पँटमधून
टिळक रोडच्या क्लासची चिठ्ठी.
दहा शब्द. पिवळा कागद, दोन बोटं रुंद.
त्या क्लासची फी मी एकदा फोनवर विचारली होती.
आकडा ऐकला, म्हटलं, राँग नंबर,
आणि ठेवून दिला.

चिठ्ठी मी चोरत नाही.
इस्त्री तापेपर्यंत उतरवून घेते
हिशेबाच्या वहीत, मागच्या बाजूने,
आणि परत त्याच खिशात, त्याच घडीत.
अप्पांना वाटतं, पोरगी हिशेब फार बारीक लिहिते.

मेटिक्युलस : अप्पांची कॉलर.
टोकाकडून मधे. मधून टोकाकडे कधीच नाही.
ऑब्स्टिनेट : लिननचा कुर्ता. पाणी मारा, शिव्या द्या.
एफेमरल : खळ दिलेल्या सुती साडीची घडी,
बाई रिक्षात बसेपर्यंत.
फ्रूगल पाठ करावा लागला नाही.

अर्थ शोधायला डिक्शनरी आहे, रद्दीतून किलोवर घेतलेली.
एपासून टीपर्यंत.
पुढची इंग्रजी कुणाच्या तरी भेळेला गेली असणार.

फॉर्म मीही भरलाय.
फी बाराशे. म्हणजे दीडशे कपडे, आठ रुपयांनी,
आणि त्यात कोळसा धरलेला नाही.

मागच्या गुरुवारी चिठ्ठीवर त्याच्या अक्षरात होतं
इन्जेन्युअस, आणि पुढे : अतिहुशार, कल्पक.
चूक.
तो इन्जीनिअस. हा म्हणजे भाबडा,
पोटात एक ओठात एक नसलेला.
स्पेलिंगमध्ये फरक एका अक्षराचा,
तिथे आय, इथे यू.

इस्त्री तापून लाल. मी उभीच.
गप्प बसले असते तर एक मार्क तरी
बापटांकडून आमच्याकडे आला असता,
गाठोडं न बांधता.
टेरिकॉट करपल्याचा वास आला तेव्हा भानावर आले.
पेन्सिलने त्याचं खोडलं.
'भाबडा' लिहिलं. घडी घातली.

नंतर सात दिवस कळेना,
त्या दोघांतला मी कुठला शब्द.

काल तीच पँट आली.
मी पाडलेली धार जशीच्या तशी,
गुडघ्यावर एक सुरकुती नाही.
अप्पा म्हणाले, "अगं, ही झालेली आहे की."
मी म्हटलं, "असू दे. दिलीये ना."
खिशात क्लासचा पिवळा कागद नव्हता.
रेघांचं पान होतं, वहीतून फाडलेलं.
पाच शब्द, आणि प्रत्येकापुढे नुसती टिंबं.
नाव नाही, थँक्यू नाही.
हा माझी परीक्षा घेतोय,
की स्वतःचा गृहपाठ करून घेतोय?
बापटांच्या घरात फुकट काही सोडत नाहीत,
ए विंगची पोळीवाली सांगत होती.

एक ते चार टपरी बंद असते.
मी आत बसले, पत्र्याखाली, गरम गाद्यांवर,
आणि चार शब्द लिहून काढले,
एकाचं तर वाक्यसुद्धा करून दिलं.
पाचवा होता व्हेरॅसिटी.
माझं पुस्तक टीपर्यंत.
अंदाजाने काहीतरी ठोकता आलं असतं,
त्याला काय कळलं असतं?

टिंबं तशीच ठेवली.
शेजारी लिहिलं : हा तू लिही.
मग पँटवरून उगाच एक हात फिरवला
आणि वहीत मांडलं, पुढच्या बाजूने :
बी विंग, पँट एक, रुपये आठ.