प्राधान्यक्रम

मसुदा इंग्रजीतून आला, सत्तेचाळीस पानी,
शुक्रवारी साडेचारला, चहा निवल्यावर.
साहेब म्हणाले, सोमवारी मराठी हवंय, कवठणकरबाई,
आणि शब्द जरा सोपे ठेवा.

दुसऱ्याच पानावर अडले.
जो वायू तळाशी आहे, पण जिथवर कुणाची नळी पोचत नाही,
त्याला काय म्हणायचं?
अडकलेला, लिहिलं. खोडलं.
निराधार. खोडलं, ते समाजकल्याणचं खातं.
शेवटी ओहोटीतल्या होडीवरून घेतला: रुतलेला.

निर्यात सोपा शब्द.
दूर एका देशात सध्या वाद आहे
की वायू जहाजात भरून विकावा
की आपल्याच लोकांची थंडी आधी घालवावी.
त्यांचं ठरेपर्यंत
माझगावात पेडणेकरांच्या खानावळीत
राइस प्लेट दहा रुपयांनी चढली आहे
आणि पाटीवरचा जुना आकडा
ओल्या बोटानं पुसलेला दिसतो.

परिच्छेद नऊ:
उणे एकशे बासष्ट अंशांवर वायूचं पाणी होतं,
सहाशे खोल्यांतला एका खोलीत मावतो.
हे वाक्य मुंबईत समजावून सांगावं लागणार नाही.

माझे वडील त्या समुद्रावर आचारी होते.
चौदा दिवस तिकडे, चौदा दिवस घरी.
जुहूहून हेलिकॉप्टर, कानात कापूस.
पायाखाली एवढा वायू, आणि पोळ्या मात्र
विजेच्या तव्यावर,
कारण उघड्या ज्योतीला तिथं मनाई.
त्याच दिवसांत आई कुर्ल्याला
नंबर लावून एकवीस दिवस सिलिंडरची वाट पाहायची,
स्टोव्हला पिन मारत.

रात्री तिथं एक जाळ दिसतो, ते सांगायचे,
लांब दांड्याच्या टोकाला, कधीच न विझणारा.
वाया जातो?
नाही गं, जास्तीचा आहे.

परिशिष्ट तीन. टंचाईच्या काळातला प्राधान्यक्रम.
घरगुती स्वयंपाक आणि वाहनं वर.
मग खत, मग वीज, मग कारखाने.
सगळ्यात खाली इतर:
धुलाईघरं, पावाच्या भट्ट्या, हॉटेलं,
आणि स्वल्पविरामानंतर दाहिन्या.
कपात खालून वर करत जावी.

फेब्रुवारीत चेंबूरला मी त्या मीटरसमोर उभी होते.
सोनकांबळे नावाचा माणूस, डोळ्यांवर निळा चष्मा,
म्हणाला, लाकूड की गॅस?
भाऊ माझ्याकडे बघायला लागला.
मी म्हटलं, गॅस. त्यांना सवय होती.
आणि मग हसू आलं, त्या जागी, मोठ्यानं.
सवय कसली? आयुष्यभर विजेवर रांधलं त्यांनी.
काटा फिरत राहिला.
पावतीवर वर्ग छापलेला होता: इतर.

शनिवारी रात्री ती ओळ मी उचलली
आणि घरगुतीच्या शेजारी ठेवली.
स्वयंपाकघरं, दाहिन्या.
दहा मिनिटं बघत बसले.
खाली गल्लीत पिवळी नळी टाकायला खणत होते,
कुणीतरी ओरडत होतं, जपून रे, पाण्याची लाइन आहे.
मग ती ओळ होती तिथं परत नेली.
अनुवादकाच्या हातात
फार तर स्वल्पविराम असतो.

सोमवारी साहेबांनी सगळं वाचलं, चष्मा वर सरकवून.
रुतलेला त्यांना आवडला.
एकाच शब्दाभोवती लाल गोल काढला, पान एकतीस,
जिथं समुद्रावर जाळून टाकायच्या वायूबद्दल
दोन ओळी आहेत.
जास्तीचा? बाई, हा परिभाषाकोशात नाही.
नाही, म्हटलं.
मग आला कुठून?

मी दुसरा शब्द सुचवला, कोशातला.
तोच छापलाय.