दुसरा नंबर

धक्क्यामागे पत्र्याचा हॉल आहे, दारावर हिरवा पोपट,
पंखांखाली नारिंगी, नजर पक्की बेरकी.
किआ म्हणतात त्याला. डोंगरातला हा पक्षी
उभ्या गाडीच्या काचेचं रबर कुरतडून नेतो.
स्काउटमधल्या सगळ्यांत लहान मुलांनाही
इकडे हेच नाव.
रेवीला सांगितलं तर म्हणाला,
"म्हणजे मीपण रबर खायचं?"

पहिल्या मंगळवारी त्यानं माझा अंगठा सोडला नाही.
दिवसभर कालवं फोडून चिरलेला अंगठा,
वर ओली पट्टी,
त्या पट्टीलाच धरून उभा.
आत अकरा मुलं खुर्च्यांची बोट करून
तोंडानं वारा काढत होती.
बाहेर खरा वारा होताच. ब्लफमध्ये तो कधी नसतो?

लॉर्ना मॅकऑस्लंड, पोस्टातून निवृत्त, गुडघ्याला पट्टा,
"ये हं राजा" वगैरे काही म्हणाली नाही.
फक्त एका खुर्चीखाली वाकून ओरडली,
"अरे, बोटीला भोक पडलंय! कुणाचं तरी बोट द्या इथे!"
रेवीनं माझ्याकडे पाहिलं.
मग खुर्चीकडे.
मग माझा अंगठा एकटाच राहिला.

मला फॉर्म दिला.
नाव, वय, दमा आहे का, शेंगदाणे चालतात का,
अडचण आल्यास कळवायचा नंबर: पहिला.
दुसरा.
त्याची आई पर्थला, खाणीच्या कँटीनमध्ये.
इथे रात्र पडते तेव्हा तिथे दुपार,
आणि दुपारी ती फोन उचलत नाही.
मी पेन थोडा वेळ धरलं,
मग ती चौकट तशीच ठेवून
गाडीत जाऊन बसलो. हीटर बिघडलेला.
काचेतून सावल्या दिसत होत्या, बारा.
दोनदा मोजल्या.

पुढचे मंगळवार असेच गेले.
एकदा त्यांनी शिंपल्यांवर डोळे रंगवले,
एकदा फर्गसनं डिंक खाल्ला,
एकदा लॉर्ना खिडकीवर टकटक करून म्हणाली,
"गारठून मरण्यापेक्षा आत या, बटाटे सोलायला माणूस नाही."
सोलले. सुरी चालवणं मला येतंच.

वचनाच्या दिवशी सगळे गोल उभे.
रेवीचे कान लाल, मोजे दोन वेगळ्या जोड्यांचे.
तीन ओळी पाठ होत्या, आंघोळीत घोकलेल्या.
पहिली बरोबर म्हटली.
दुसरी अर्ध्यात अडली.
हॉलमध्ये पत्रा तेवढा वाजत होता.
मी ओठ हलवले, त्यानं पाहिलंच नाही.
मग एकदम जोरात म्हणाला,
"आणि भोक पडलं तर मी बोट लावीन."
कुणी हसलं नाही. म्हणजे फर्गस हसला.
लॉर्ना म्हणाली, "चालेल,"
आणि त्याच्या गळ्यात रुमाल घातला,
बागेच्या पाइपचा तुकडा कापून केलेली कडी
हनुवटीपर्यंत सरकवली.

त्या रात्री रुमाल घालूनच झोपला.
आईला फोनवर दाखवला तेव्हा चित्र थिजलं,
तिचं तोंड उघडं, त्याची हनुवटी वर,
तसे दोघं बराच वेळ.

शिबिरासाठी फॉर्म परत हातात आला,
सही राहिली होती.
दुसऱ्या नंबरच्या चौकटीत
पोस्टातल्या ठसठशीत अक्षरात
लॉर्नाचा नंबर.
विचारलं नव्हतं तिनं.
मी सही केली. पट्टीवरचं रक्त
कोपऱ्याला थोडं लागलं.