सतरावा नग

गोकुळ शिरगाव, शेड नंबर बारा.
टाकीत पाणी, पाण्यात ॲल्युमिनियमचा नग,
नगात दाबून भरलेली हवा.
दहा मिनिटं बघत राहायचं. नजर हलवायची नाही.
ह्याचाच पगार मिळतो मला.

हा व्हॉल्व्हचा सांगाडा आहे, मीरासाहेब.
विमानाच्या शेपटीकडे, पोटात बसतो.
वर, चाळीस हजार फुटांवर, बाहेर उणे पंचावन्न
आणि छातीला पुरेल एवढीही हवा नाही.
म्हणून इंजिनातली तापलेली हवा उचलायची,
गार करायची, माणसांत फिरवायची,
आणि जेवढी आत घेतली तेवढीच, मोजून,
ह्या तोंडातून बाहेर सोडायची.

मीरासाहेब जमादार, मोल्डर, वय एकसष्ट,
उजळाईवाडीचं विमान रोज डोक्यावरनं जातं,
त्यात कधी बसलेले नाहीत.
म्हणाले, "म्हंजे साच्यासारखंच की, बाई.
आधी हवंला वाट करून द्यायची,
मग धातू वतायचा.
न्हाईतर बसती आतच, रुसून."

सतराव्या नगात ती बसली होती.
सातव्या मिनिटाला, बरगडीच्या मुळाशी,
मोहरीएवढा बुडबुडा. सुटला.
मग बराच वेळ काही नाही.
मग दुसरा.

मालक म्हणाले, एवढासा तर आहे!
नग आठशे ग्रॅम, त्याची फाइल दोन किलो:
वीट कुठली, भट्टी किती तापली,
ती मोजणारा तापमापक कुणी, कधी तपासला.
बुडबुड्याच्या रकान्यात लिहिलंय, शून्य.
'जवळजवळ'ला रकानाच नाही.

नापास नग नुसता फेकता येत नाही,
करवतीनं कापावा लागतो,
चुकून, किंवा मुद्दाम, कुणी वापरू नये म्हणून.
मीरासाहेबांनी एक फाक उजेडाकडे धरली.
चकाकत्या कापात टाचणीनं टोचल्यासारखी
चार भोकं.
"शुक्रवारची हीट," म्हणाले. "वाळू वली हुती.
हाताला कळालं हुतं मला."

कळालं होतं, तर—
मी विचारलं नाही.
शुक्रवारी ट्रक थांबला होता, मालक घड्याळ बघत होते,
आणि मीही तिथंच होते.

'कारण' ह्या रकान्यात लिहिलं: वाळूतील ओलावा.
खाली सही, सु. बा. मगदूम.
त्यांनी मोठ्यानं वाचायला लावलं.
"माझं बी नाव घाला," म्हणाले.
मोल्डरच्या नावाला जागा नव्हती.
समासात लिहिलं, आडवं,
आणि अठरावा नग पाण्यात सोडला.