पाचवीची रात्र

आज नातीची पाचवी.
पाटावर हळद-कुंकू, विळा, लिंबाचा डहाळा,
आणि एक कोरा कागद, शेजारी पेन.
पेन जावयाचं, पतसंस्थेचं नाव छापलेलं.
रात्री सटवाई येते म्हणतात,
कपाळावर लिहून जाते,
कुणाला दिसत नाही, कुणाला पुसता येत नाही.

"झोपा की आता," बायको म्हणते.
मी हो म्हणतो आणि बसून राहतो.

माझ्या पाकिटात अकरा वर्षांपासून
एक स्प्लिट पिन आहे.
बोटाच्या पेराएवढी.
पाकिटं तीन बदलली. ती नाही बदलली.

जिंतूर डेपो, शनिवार, साडेचार.
मुक्कामी गाडी पिटावर, मी तिच्या पोटाखाली,
भुवईवर ऑइलचा थेंब.
मागच्या डाव्या चाकाच्या ब्रेकची मोठी पिन बसवली.
तिला अडवून धरणारी ही बारकी
खिशात टाकली, हात पुसून लावू म्हणून.
वरून कुणीतरी हाक मारली,
"ग्यानोबा, चहा निवायला!"

चहात साखर जास्त होती.
एवढं आठवतं.

येलदरीच्या उतारावर गाडी थांबली नाही.
बाभळीत शिरली, आडवी झाली.
एकवीस जण वाचले, ते देवामुळं.
मुनीरभाईचा उजवा पाय गुडघ्यातून गेला, तो नशिबामुळं.
चौकशी झाली. कागदावर आलं : यांत्रिक बिघाड.
साहेब म्हणाले, होणारं टळत नसतं.
मला तर कुणी काही विचारलंच नाही,
मी उत्तर पाठ करून गेलो होतो.

घरी आई म्हणाली,
"मागच्या जन्माचं काहीतरी असंल बाबा त्याचं."
मी ताटावरून उठलो.
मागच्या जन्माचं नव्हतं, माय.
मागच्या शनिवारचं होतं.

तरी सात वर्षं मीही तेच म्हणत राहिलो.
लिहिलेलं होतं. लिहिलेलं होतं.
दुसऱ्याचं नशीब आपल्या तोंडी
किती सोपं बसतं,
जुन्या चपलेसारखं.

मग एकदा ज्वारीचा डबा घेऊन
मुनीरभाईच्या गिरणीवर गेलो.
पाच किलो ज्वारी. दळण घरात होतंच.
पट्टा फिरत होता, त्यामुळं ओरडूनच सांगावं लागलं :
"पिन मी लावली नव्हती!"
त्यानं हात कानामागं नेला.
मी पुन्हा ओरडलो.
असली गोष्ट दोनदा ओरडून सांगायची.

त्यानं बटण बंद केलं.
पट्टा बराच वेळ आपला आपण फिरत राहिला.
"फाटकातच पेडल नरम लागलं होतं," तो म्हणाला,
"मागं घेतली असती. पण उशिराचे दोन मेमो झाले होते,
तिसऱ्याला पगारवाढ थांबत होती.
म्हटलं, निघतील तेवढे तीस किलोमीटर."
भुवयांवर पीठ, डोळे तेवढे काळे.
"सगळ्यांना नसीब सांगतो.
सांगायला सोपं जातं, भाई."

माफ केलं, असं तो म्हणाला नाही.
मी मागितलीही नव्हती.
दळणाचे पैसे मात्र मोजून घेतले,
आणि दोन रुपये सुट्टे नव्हते
तर गल्ल्यात शोधून शोधून परत दिले.

तीन वाजलेत.
नात कण्हली, मुठी आवळल्या, परत झोपली.
कागद कोराच.
मी पेन उचललं.
डेपोतल्या जॉबकार्डवर लिहायचो तसं लिहिलं :
तारीख. गाडी मुक्कामी. मागचं डावं चाक.
पिन लावायची राहिली.
खाली सही, पूर्ण नावाची.
पाकिटातली पिन काढून कागदाला टोचली.
हलकं वाटलं, असं काही झालं नाही.
मांडीला मुंग्या आल्या होत्या, त्या तशाच होत्या.

मग लक्षात आलं,
हा कागद तर पोरीचा होता.

वहीतला दुसरा फाडला, पाटावर ठेवला,
वाऱ्यानं उडू नये म्हणून विळ्याची मूठ त्यावर.
हा कोराच राहू दे.
याच्यावरचं काय ते
सटवाईनं बघावं,
नाहीतर पोरीनं.