नसलेला धक्का

नाव?
दाग्निया क्राउझे.
व्यवसाय?
बाई जरा थांबली. माझी बोटं कळांवर थांबली.
"खोली मोजते," म्हणाली.
मी टंकलं: खोली मोजते.

रीगाच्या त्या कोर्टात अकरा वर्षं मी लोकांचे जबाब टंकतो.
हात बघून माणूस ओळखायची सवय लागलीय.
हिचे हात दोरीनं कापलेले, मिठानं चिरलेले.
लिएपायापासून वर सारेमापर्यंत
एकशे चौऱ्याऐंशी लहान बंदरं:
कुठे किती पाणी, डिझेल मिळतं का,
कुठल्या वाऱ्यात आत शिरू नये,
रात्री उशिरा पोचलात तर किल्ली कुणाकडे.
बावीस उन्हाळे. शिसं बांधलेली दोरी,
आणि एक गाडी, जिचं मागचं दारही दोरीनंच बंद व्हायचं.
दर एप्रिलमध्ये सगळ्या बंदरांना फोन,
वारलेल्या रखवालदारांच्या बायकांनासुद्धा,
कारण नव्याचा नंबर त्यांच्याचकडे असतो
आणि त्यांना बोलायचंही असतं.

मग एका रात्री,
तीन तास अकरा मिनिटांत, जोडपत्र सात,
हाम्बुर्गच्या एका कंपनीनं सगळं उचललं.
सकाळी ते त्यांच्या ॲपमध्ये. महिना नऊ युरो.
आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच,
फक्त या नागोबाला वकील होता.

वकील सुरेख बोलायचा. टंकायला सोपा.
"पाण्याची खोली हे सत्य आहे," म्हणाला,
"सत्य कुणाच्या मालकीचं? समुद्र बाईंच्या नावावर आहे?"
नाही. समुद्राला सातबारा नसतो.
कायदाही तेच म्हणतो:
दीड मीटर तो दीड मीटर, ज्याला हवा त्यानं मोजावा.
पण मोजावा.
आपापलं ओलं व्हावं.
जमवण्यात ज्याचा पैसा गेला, दिवस गेले,
त्याचा ढीगच्या ढीग उचलून विकू नये,
पंधरा वर्षं तरी.

"मग त्यांनी मोजलं नाही कशावरून?"
न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला.
"बरोबर आकडे दोघांचे सारखेच येतील."

इथे दाग्निया पहिल्यांदा हसली.
"नोंद एकशे एकोणचाळीस बघा."

एल्झाचा धक्का. खोली एक मीटर ऐंशी. डिझेल नाही.
किल्ली गुनार्सकडे. शनिवारी धुरी दिलेला मासा.

"काय आहे तिथे?"
"लव्हाळं. चिखल. एल्झा माझी शेळी होती."

कोर्ट हसलं. हशा टंकायचा नसतो.
एकशे त्र्याऐंशी खऱ्या नोंदी तिथे मुक्या बसून होत्या
आणि साक्षीला उभी राहिली ती एकटी खोटी.

"आणि कुणी खरंच आलं असतं तर?
बोट रुतली असती?"
दाग्नियानं हाताकडे पाहिलं.
"म्हणून तर शनिवार लिहिला. दर शनिवारी
संध्याकाळी मी तिथे कंदील घेऊन बसते.
घरून एकोणीस किलोमीटर."

कंपनीचा वकील उठला. त्याला काहीतरी सापडलं होतं.
त्यानं ॲपमधून वाचलं:
एल्झाचा धक्का, साडेचार तारे.
"धक्का दिसला नाही. एका बाईनं कंदील हलवून
बाहेरच थांबवलं, मग होडी वल्हवत आली.
गुनार्स आजारी आहे म्हणाली.
मासा छान, जरा खारट."
"म्हणजे, महोदया, तिथे काहीतरी आहे तर!"

कुणीच बोललं नाही. खिडकीवर एक माशी चढत होती.
निकाल तीन आठवड्यांनी लागला, बाईच्या बाजूनं,
नुकसानभरपाई मागितली त्याच्या निम्मी.
पण त्या क्षणी ती फक्त पुढे वाकली,
माइक जवळ ओढला
आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी
चुकीचा आकडा लिहिलाय अशा आवाजात म्हणाली,
"खारट नव्हता."

मी टंकलं:
मासा खारट नव्हता, असं वादीचं म्हणणं.